पीएचडी की सायडी? आधी तक्ता काढ

तुझं पत्र दोनदा वाचलं. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीत डॉक्टरेट करायची हे नक्की, फक्त संशोधनावर भर असलेली पीएचडी की पेशंट बघण्यावर भर असलेली सायडी (PsyD) यावर गाडी अडली आहे म्हणतेस. मला विचारशील तर खरा प्रश्न वेगळाच आहे. पैसे कोण भरणार, आणि पाच-सहा वर्षं तुझा दिवस कशात जाणार?

सोपं ते आधी उरकते. प्रॅक्टिस करायचं लायसन्स दोघांना सारखंच. त्यासाठीची ईपीपीपी परीक्षा तीच, वर्षभराची इंटर्नशिप तीच, आणि ती मिळवायला एकाच रांगेत उभं राहायचं. सायडी म्हणजे कमी दर्जाची डॉक्टरेट असं कुणी ऐकवलं तर मनावर घेऊ नकोस. 1949 मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या बोल्डर परिषदेत ठरलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट संशोधकही असावा. पीएचडी त्या साच्यातली. पण ज्यांना पेशंटच बघायचे आहेत त्यांना संशोधनात एवढं कशाला अडकवायचं, ही कुरकुर होतीच. 1968 मध्ये इलिनॉय विद्यापीठात पहिला सायडी अभ्यासक्रम सुरू झाला आणि 1973 च्या व्हेल परिषदेने त्या वाटेवर शिक्का मारला. प्रबंध सायडीतही असतो, बहुधा आटोपशीर.

आता पैसा. विद्यापीठांतल्या बहुतेक पीएचडींत फी माफ होते आणि वर स्टायपेंड मिळतो, कारण तू प्रोफेसरांच्या लॅबमध्ये राबणार, पदवीच्या मुलांना शिकवणार. म्हणूनच जागा मूठभर. सायडीचे वर्ग मोठे, प्रवेश त्या मानाने सोपा, पण खर्च बहुतेकदा स्वतःचा. कर्ज एक लाख डॉलरच्या वर सहज जातं. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठासारखे सायडीलाही पैसे देणारे अभ्यासक्रम आहेत, पण थोडेच.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला आपल्या वेबसाइटवर एक तक्ता लावावाच लागतो. डिग्रीला किती वर्षं लागली, फी किती, इंटर्नशिप किती जणांना मिळाली, लायसन्स किती जणांना, मध्येच किती जण सोडून गेले. पहिल्या पानावरचे हसरे चेहरे ओलांडून थेट तिथे जा. सोडून गेलेल्यांचा रकाना मी सगळ्यात आधी बघते. दहाच्या वर्गातून दरवर्षी दोघं-तिघं गळत असतील, तर माहितीपत्रक कितीही गुळगुळीत असो, काहीतरी बिनसलेलं आहे. आणि मान्यताच नसेल तर त्या दाराशी थांबूही नकोस. पुढे इंटर्नशिपपासून नोकरीपर्यंत अडतं.

मी पहिल्या वर्षी पीएचडीला अर्ज केले तेव्हा निबंधात लिहिलं होतं, 'मला लोकांना मदत करायला आवडतं.' मुलाखतीत प्रोफेसरांनी शांतपणे विचारलं, माझ्या कामातला कोणता प्रश्न तुम्ही पुढे न्याल? मी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ पीतच राहिले. त्यांचा एकही शोधनिबंध वाचला नव्हता. पीएचडीला तू नावापुरता विद्यापीठाकडे अर्ज करतेस. खरा अर्ज त्या एका माणसाकडे असतो. त्या वर्षी सगळीकडून नकार आले.

गेल्या उन्हाळ्यात लॅबमध्ये तू प्रश्नावल्यांचा डेटा भरत होतीस ना? तेव्हा सारखी घड्याळाकडे बघायचीस, की जेवणाची वेळ टळून जायची? ते आठवून लिही, आणि सोबत यादीतल्या अभ्यासक्रमांचे तक्ते पाठव.