कार्यालयातील पूजेचा प्रसाद ख्रिस्ती माणसाने घ्यावा का?

आपण लिहिले आहे की, बाप्तिस्मा घेतल्यापासून कार्यालयातील सत्यनारायणाचा प्रसाद समोर आला की आपले मन अडखळते. नाकारला तर सहकारी दुखावतात आणि घेतला तर प्रभूशी अप्रामाणिक झाल्यासारखे वाटते. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या अनेक ख्रिस्ती माणसांना हा प्रश्न पडतो, आणि ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या पिढीलाही तो पडला होता.

प्राचीन ग्रीसमधील करिंथ शहरात मूर्तींना वाहिलेल्या बळींचे मांस बाजारातही विकले जाई. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ८ ते १० या अध्यायांत प्रेषित पौल याच गोष्टीचा विचार करतो, आणि तो सरसकट एकच नियम घालून देत नाही. प्रत्यक्ष पूजेतील भोजनात सहभागी होऊ नका, कारण प्रभूच्या मेजाचा भागीदार दुसऱ्या मेजाचा भागीदार होऊ शकत नाही, असे तो निक्षून सांगतो. बाजारातील मांस मात्र चौकशी न करता खा, आणि विश्वास न ठेवणाऱ्या कोणी जेवायला बोलावले तर जे वाढतील ते खा, असेही तोच सांगतो. पण हे देवाला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर ते खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी, अशी पुस्ती तो जोडतो. मला ही पुस्ती फार मोलाची वाटते. सहकारी आपल्याला नुसता शिरा देत नसतो, तो प्रसाद देत असतो आणि श्रद्धेने देत असतो. मी तो केवळ गोड खाऊ समजून तोंडात टाकला, तर माझ्या विश्वासाबरोबर त्याच्या श्रद्धेचाही मान राहत नाही. म्हणून मी प्रसाद घेत नाही. त्याच सहकाऱ्याच्या घरचा दिवाळीचा फराळ मात्र मी आनंदाने खातो आणि नाताळात आमच्या घरच्या करंज्या त्याच्यासाठी नेतो.

माझ्या मंडळीतील काही प्रामाणिक विश्वासणारे याहून वेगळे वागतात, आणि खाण्यापिण्यावरून एकमेकांचा न्याय करू नका असे सांगणारा, पौलाच्याच रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय वाचल्यावर मला त्यांचा न्याय करण्याचा धीर होत नाही. राजे दुसरे पुस्तक, अध्याय ५ यातील, परमेश्वरावर विश्वास ठेवू लागलेल्या अरामी सेनापती नामानाने अलीशा संदेष्ट्याला विनंती केली होती की, राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोन या अरामी देवाच्या देवळात नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची परमेश्वराने मला क्षमा करावी. अलीशाने त्याला दटावले नाही, शांतीने निरोप दिला. साहेबांच्या मागे पूजेला उभे राहणे ज्याच्या कामाचाच भाग आहे, त्या शिपायाकडे पाहताना मला नामान आठवतो.

नकार कसा द्यावा, हे दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात पाहावे: बाबेलात बंदी म्हणून नेलेला तरुण दानीएल राजाचे अन्न टाळताना कारभाऱ्याला नम्रपणे विनंती करतो आणि दहा दिवस पारखून पाहा म्हणतो. आपणही ताट समोर येण्याची वाट न पाहता एखाद्या निवांत वेळी जवळच्या सहकाऱ्याला सांगून ठेवावे की, मी ख्रिस्ती आहे, प्रसाद घेत नाही, पण आपल्या आनंदात मी आहे. पूजेच्या दिवशी मुद्दाम रजा टाकू नये. खुर्च्या लावाव्यात, पाहुण्यांना पाणी द्यावे, आरतीच्या वेळी शांतपणे बाजूला उभे राहावे. आणि प्रसाद नाकारणाऱ्या त्याच हाताने प्रवासभत्त्याच्या खोट्या बिलावर सही होणार नाही, याची त्याहून अधिक काळजी घ्यावी, कारण आपला प्रभू कोण हे सहकारी तिथेही पाहत असतात.