केमो चालू असताना आईला चालायला कसं तयार करू?

डॉक्टर चालायला सांगतात, घरचे म्हणतात ‘पडू दे तिला’, आणि आईला स्वतःला उठावंसंच वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी स्तनाच्या कॅन्सरची केमो लालबागच्या चाळीत राहून घेतली, तेव्हा मनापासून सांगते: तिला उत्साह यायची वाट बघू नका. या दिवसांत उत्साह आला तर चालून झाल्यावर येतो, आधी नाही.

केमोचा थकवा झोपून जात नाही, हे घरच्यांना समजावणं सगळ्यात अवघड. उलट पडून राहिलं की पायांतली ताकद जाते, एक जिना चढताना धाप लागते आणि माणूस आणखी पडून राहतो. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या शिफारशींनुसार आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम व्यायाम केला तर हा थकवा, चिंता आणि उदासी कमी होते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत. अर्थात हे पुढचं लक्ष्य आहे. आईला पहिल्याच दिवशी ३० मिनिटं सांगू नका.

मी गॅलरीतच चालायचे. शेजारच्या काकूंनी मध्यावर एक खुर्ची ठेवून दिली होती, लागलं तर टेकायला. माझे तळवे औषधाने इतके बधिर झाले होते की चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही, म्हणून मागे पट्टा असलेली सँडल घेतली. पावसाळ्यात ओल्या लादीवर तर ती हवीच. रोज संध्याकाळी चहाच्या आधी काकू दारात यायच्या आणि म्हणायच्या, ‘चल गं, टोकापर्यंत जाऊन येऊ.’ बस, एवढंच. ‘आज चाललीस का?’ असं त्यांनी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका, चपला घालून सोबत उभे राहा.

केमोनंतरच्या पहिल्या काही दिवसांत उठून आंघोळ केली तरी पुष्कळ झालं. एकवीस दिवसांचं चक्र असेल, म्हणजे दर एकवीस दिवसांनी केमो असेल, तर तिसरा आठवडा बहुतेकांना बरा जातो, वाढवायचं ते तेव्हा वाढवा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं हाही चांगला व्यायाम आहे, पायांत ताकद राहते.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर चालणं राहू द्या, लगेच हॉस्पिटलला फोन करा. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तरी तिथेच थांबायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दीत नेऊ नका. प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन खूप खाली असेल, आजार हाडांत असेल किंवा हातात पिक लाइन (औषध देण्यासाठी दंडाच्या शिरेतून बसवलेली नळी) असेल, तर काय चालेल आणि काय नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

पुढच्या ओपीडीला ‘पडू दे’ म्हणणाऱ्यांपैकी एकाला सोबत घेऊन जा. डॉक्टरांकडे फिजिओथेरपिस्टसाठी चिठ्ठी मागा आणि किती चालायचं, काय टाळायचं ते त्या घरच्या माणसासमोरच फाइलवर लिहून घ्या.