मुखपृष्ठावरचं दुसरं नाव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

मेळघाटातून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. कोरकू गाण्यांचे अर्थ उलगडणारा, तुला घरोघरी नेणारा तो मुलगा पत्रात पाच वेळा येतो. प्रबंधाच्या आराखड्यात एकदाही नाही. त्याबद्दलच लिहितोय.

फ्रान्सिस ला फ्लेश हा अमेरिकेतल्या नेब्रास्काचा, ओमाहा जमातीच्या प्रमुखाचा मुलगा. अ‍ॅलिस फ्लेचर या मानववंशशास्त्रज्ञ बाई १८८१ मध्ये ओमाहांकडे गेल्या आणि पुढे कित्येक दशकं दोघांनी मिळून काम केलं. बाईंनी त्याला मुलगाच मानलं. तरी ओमाहा संगीतावरचं पुस्तक १८९३ मध्ये निघालं, तेव्हा लेखिका फ्लेचर आणि ला फ्लेशचं फक्त ‘साहाय्य’. गाणी त्याच्या लोकांची! ओमाहांवरच्या १९११ च्या ग्रंथावर मात्र दोघंही लेखक म्हणून आले. ‘साहाय्या’तून बाहेर पडायला त्याला अठरा वर्षं लागली.

आणि माया असली म्हणजे चूक होत नाही, असंही नाही. ओमाहांना कुणी हुसकावू नये म्हणून बाईंनी धडपडून १८८२ चा कायदा करवून घेतला आणि जमातीची जमीन माणशी वाटून दिली. त्यातली बरीचशी पुढे गोऱ्यांच्या घशात गेली. जमातीचा पवित्र स्तंभ १८८८ मध्ये हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात गेला, तोही ला फ्लेशनेच राखणदार म्हाताऱ्याचं मन वळवल्यावर. स्तंभ घरी परतला १९८९ मध्ये. तेव्हा तुझ्या सोबत्याने हो म्हटलं म्हणजे गावाने हो म्हटलं, असं धरू नकोस.

माझ्या प्रबंधाच्या वेळी एक आश्रमशाळेतले गुरुजी दोन वर्षं माझ्याबरोबर हिंडले. निम्मे अर्थ त्यांचे होते. मी त्यांना ऋणनिर्देशात एक ओळ दिली. प्रत घेऊन गेलो, तर त्यांनी आधी तेच पान उघडलं, वाचलं आणि चहा ठेवायला आत गेले. ते पान आजही मला उघडवत नाही.

तू पहिला लेख पाठवण्याआधीच त्याच्याशी नावाचं बोल. मसुदा वाचून दाखव, समजावून सांग. ‘हे नको छापू’ म्हणाला तर काढून टाक, मार्गदर्शक रागावले तरी. आणि त्याला स्वतःला काय लिहायचंय, हे विचारलंस का कधी? पुढच्या पत्रात ते कळव, त्याच्याच शब्दांत.

तुझे
सर