कन्व्हर्ज्ड नेटवर्किंगमुळे सर्व्हर यंत्रणेला नेमकी कोणती लवचिकता मिळते?

दारव्हा तालुक्यातील आपल्या महाविद्यालयासाठी दहा नवे सर्व्हर घ्यायचे आहेत, पुरवठादार कन्व्हर्ज्ड नेटवर्किंगचा (म्हणजे साधे नेटवर्क आणि स्टोरेज यांची वाहतूक एकाच जोडणीवरून नेण्याचा) आग्रह धरतो आहे आणि त्यामुळे रोजच्या कामात काय सोपे होईल, असे आपण विचारले आहे. मी वर्धा जिल्ह्यातील एका रुग्णालयाचा सर्व्हर कक्ष सांभाळतो, त्यामुळे नागपूरहून सुटा भाग येईपर्यंत काम अडून राहणे म्हणजे काय, हे मला चांगले ठाऊक आहे. माझ्या मते या पद्धतीचा पहिला मोठा लाभ असा आहे: कोणत्या सर्व्हरला कोणत्या प्रकारचे आणि किती नेटवर्क लागेल, हे खरेदीच्या दिवशी कायमचे ठरवून टाकावे लागत नाही.

जुन्या रचनेत प्रत्येक सर्व्हरला साध्या नेटवर्कसाठी दोन, व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणारे आभासी संगणक) एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवण्यासाठी दोन आणि स्टोरेजच्या (डेटा साठवणाऱ्या डिस्कसंचाच्या) फायबर चॅनेल या खास नेटवर्कसाठी दोन, अशा सहा केबल सहज लागतात. दहा सर्व्हरच्या साठ केबल झाल्या, शिवाय दोन वेगळ्या जातींची कार्डे आणि दोन वेगळ्या जातींचे स्विच आले. कन्व्हर्ज्ड रचनेत हीच सगळी वाहतूक १० किंवा २५ गिगाबिटच्या दोन इथरनेट पोर्टांवरून जाते आणि केबलींची संख्या वीसवर येते. सर्व्हरच्या देखरेखीचा छोटा पोर्ट तेवढा वेगळा राहतो. रॅकच्या मागे हवा मोकळी खेळते, ही गोष्ट आपल्याकडच्या मे महिन्यात क्षुल्लक नाही.

खरी लवचिकता मात्र यापुढे सुरू होते. बहुतेक अशा कार्डांमध्ये एका पोर्टचे अनेक आभासी भाग पाडता येतात आणि सर्व्हरला ते स्वतंत्र कार्डांसारखेच दिसतात. प्रत्येक प्रकारच्या वाहतुकीला बँडविड्थचा (वाहून नेण्याच्या क्षमतेचा) किमान वाटा राखून देण्याची सोय ८०२.१क्यूएझेड या मानकात आहे. समजा, २५ गिगाबिटच्या पोर्टवर स्टोरेजला ४० टक्के राखले, तर गर्दीच्या वेळी त्याला १० गिगाबिट मिळतीलच. पण स्टोरेज शांत असेल तेव्हा तो वाटा वाया न जाता इतरांना वापरता येतो. परीक्षेच्या काळात आपल्या विद्यार्थ्यांची वाहतूक वाढेल आणि रात्री बॅकअप चालेल. हे वाटे बदलण्यासाठी कुणाला रॅकपाशी जाऊन केबल उपसावी लागणार नाही.

दुसरा लाभ सर्व्हर बदलण्याच्या वेळी दिसतो, आणि ग्रामीण भागासाठी मी तो पहिल्याइतकाच मोलाचा मानतो. फायबर चॅनेल स्टोरेज सर्व्हरला त्याच्या कार्डातील डब्ल्यूडब्ल्यूएन या क्रमांकावरून ओळखते, म्हणून कार्ड जळाले की स्विच आणि स्टोरेज या दोन्ही ठिकाणच्या नोंदी बदलाव्या लागतात. काही कन्व्हर्ज्ड यंत्रणांमध्ये (सिस्कोची यूसीएस हे २००९ मध्ये आलेले त्याचे ठळक उदाहरण) हा क्रमांक, मॅक पत्ता (इथरनेट कार्डाची ओळख) आणि व्हीलॅन (नेटवर्कचा आभासी विभाग) ही सर्व माहिती एका प्रोफाइलमध्ये ठेवता येते. सर्व्हर स्टोरेजवरूनच सुरू होत असेल, तर बंद पडलेल्या यंत्राचे प्रोफाइल राखीव यंत्राला लावले की ते त्याच ओळखीने उभे राहते, आणि दुरुस्तीचा माणूस नागपूरहून सवडीने आला तरी चालते. ही सोय प्रत्येक उत्पादनात नसते, म्हणून ती लेखी विचारून घ्यावी.

स्टोरेजची वाहतूक इथरनेटवरून कशी न्यावी, हा निर्णय काळजीपूर्वक घ्यावा. एफसीओई (इथरनेटवरून फायबर चॅनेल) पद्धतीत फायबर चॅनेलच्या फ्रेम (डेटाचे गठ्ठे) थेट इथरनेटमध्ये गुंडाळल्या जातात. त्या वाटेत गळलेल्या चालत नाहीत, म्हणून फक्त स्टोरेजच्या वाहतुकीला क्षणभर थांबवणारी ८०२.१क्यूबीबी या मानकातील सोय मार्गातील प्रत्येक स्विचमध्ये असावी लागते, आणि ही वाहतूक राउटरपलीकडे जात नाही. आयस्कझी ही स्टोरेजची दुसरी पद्धत मात्र टीसीपी या इंटरनेटवरही वापरल्या जाणाऱ्या नियमपद्धतीवर चालते आणि गळलेले पॅकेट पुन्हा पाठवते. आपल्याकडे आधीपासून फायबर चॅनेलचे स्टोरेज नसेल, तर २५ गिगाबिट इथरनेटवर आयस्कझी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे; कारण पुढे स्विच दुसऱ्या कंपनीचा घ्यावा लागला तरी रचना मोडत नाही.

या पद्धतीतील धोकाही तितकाच खरा आहे. पूर्वी नेटवर्कचा स्विच बिघडला तरी स्टोरेज चालू राहत असे. आता दोन्ही एकाच मार्गावर आहेत, आणि सेटिंगमधील एक चूक सर्व्हरला त्याच्या डिस्कपासूनही तोडू शकते. म्हणून एकावर न भागवता स्विच दोन घ्यावेत, त्यांना वेगवेगळ्या यूपीएसवर ठेवावे, आणि दोन्हींचे फर्मवेअर (स्विचच्या आतील सॉफ्टवेअर) एकाच दिवशी कधीही बदलू नये. पैसे चुकते करण्यापूर्वी पुरवठादाराला सर्व्हर चालू असताना एका स्विचची वीज काढून दाखवायला सांगावे, आणि त्या वेळी एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर मोठी फाइल लिहिणे सुरू ठेवावे.