वाचकांचे प्रश्न : जुन्या कॅम्परचे मिणमिणते हेडलाइट

प्रश्न : आमची 2004 ची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. आतल्या सीट काढून पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवली आहे, नोंदणीही तशी बदलून घेतली आहे. रात्री दिवे इतके पिवळट पडतात की समोरून गाडी आली की रस्त्याची कड दिसेनाशी होते. 60/55 वॉटचे नवे बल्ब घातले, तरी फरक नाही. दुकानदार म्हणतो 100/90 चे घाला, गॅरेजवाला म्हणतो रिले टाकू. कुणाचे ऐकावे? (कोल्हापूर)

उत्तर : गॅरेजवाल्याचे. पण रिलेआधी (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच म्हणजे रिले) हातात मल्टिमीटर घ्या, आणि त्याच्याही आधी दिव्यात डोकावून पाहा. आतला आरसा काळवंडला असेल, चंदेरी थर उडाला असेल, तर कोणतेही वायरिंग तो उजेड परत आणणार नाही. तिथे दिवाच बदलायचा.

आरसा ठीक असेल तर मोजणी करा. इंजिन चालू ठेवून रेस थोडी वाढवा, डिपर (खालचा, जवळचा झोत) लावा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज घ्या. 13.8 ते 14.2 च्या आसपास यायला हवे. त्याहून बरेच कमी आले तर दोष अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा रेग्युलेटरमध्ये आहे, हेडलाइटमध्ये नाही. मग बल्बच्या होल्डरच्या मागून पिना खुपसून तिथले व्होल्टेज पाहा. होल्डर बल्बवरून काढून मोजू नका. करंट वाहत नसेल तर सडलेली वायरही पूर्ण 14 व्होल्ट दाखवते. बऱ्याच जणांचे निदान इथेच चुकते.

समजा बॅटरीवर 14 आणि बल्बवर 11.6 आले. 12 व्होल्टचा हॅलोजन बल्ब 13.2 व्होल्टवर तपासून त्याचा उजेड ठरवलेला असतो. व्होल्टेज उतरते त्याच्या कितीतरी पट वेगाने उजेड उतरतो, साधारण 3.4 व्या घाताने. म्हणजे 11.6 व्होल्टवर बल्ब जेमतेम 65 टक्के उजेड देतो, तोही पिवळा. बल्बवर 13.5 व्होल्ट पोहोचवले तर त्याच बल्बातून सध्याच्या दीडपटीहून जास्त उजेड मिळतो.

व्होल्टेज कुठे गळते? जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून फ्यूज-बॉक्स, लाइटचा स्विच, स्टिअरिंगजवळची दांडी अशी प्रदक्षिणा घालून दिव्याकडे येतो. 1 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे सुमारे 18 मिलिओहम रोध असतो. 6 मीटर वायर आणि दोन दिव्यांचे मिळून 10 अँपिअर धरले तर नुसत्या वायरीत 1.1 व्होल्ट जातात. स्विचच्या काळ्या पडलेल्या पट्ट्या आणि हिरवे चढलेले कनेक्टर उरलेले खातात. अशा वायरीवर 100/90 चा बल्ब लावणे म्हणजे नळाला पाणी येत नाही म्हणून मोठी बादली आणणे. करंट वाढतो, तशी गळतीही वाढते, होल्डर वितळतो, स्विच जळतो. शिवाय हे बल्ब रस्त्यावरच्या वापरासाठी मान्य नाहीत.

रिले टाकल्यावर स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे 0.15 अँपिअरच्या आसपास करंट जातो. दिव्याचा करंट बॅटरीतून सरळ येतो. लागणारे सामान असे:

- 12 व्होल्ट, 30 किंवा 40 अँपिअरचे चार पिनांचे 2 रिले, सॉकेटसकट. एक डिपरला, एक अप्परला (लांबच्या झोताला).
- बॅटरीपासून रिलेपर्यंत 4 स्क्वेअर एमएमची लाल वायर. अंतर 3 मीटरच्या पुढे गेले तर 6 ची.
- रिलेपासून दिव्यांपर्यंत आणि दिव्यांपासून अर्थपर्यंत (करंट परत नेणारी निगेटिव्ह बाजू) 2.5 स्क्वेअर एमएम.
- बॅटरीजवळ 30 अँपिअरचा एक मुख्य फ्यूज आणि पुढे चार फिलामेंटना 10 अँपिअरचे चार.
- सिरॅमिकचे 2 एच-4 होल्डर (एच-4 म्हणजे डिपर-अप्पर दोन्ही फिलामेंट असलेला बल्ब), 6.3 एमएमचे चपटे टर्मिनल, वायरीवर चढवायचा फ्लेक्सिबल पाइप.

चार फ्यूजची कटकट कशाला, असे वाटेल. तयार किटमध्ये बहुधा सगळ्याला मिळून एकच फ्यूज असतो. एका होल्डरात शॉर्ट झाला की घाटात दोन्ही बाजूंना काळोख. फारच काटकसर करायची तर डिपरला एक आणि अप्परला एक असे 15 अँपिअरचे दोन ठेवा, त्याखाली उतरू नका. किट घेणार असाल तर वायरीचे टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांबे चढवलेले अ‍ॅल्युमिनियम आहे. जाड कव्हर आणि आत केसासारख्या चार तारा, हाही नेहमीचा प्रकार. घरगुती वायर बोनेटखाली वापरू नका, उष्णता आणि ऑइलने तिचे कव्हर कडक होऊन तडकते.

जोडणी करताना आधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढा. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आतच हवा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर घासली तर तिला वाचवणारे कुणी नसते. लाल वायर दोन्ही रिलेंच्या 30 नंबरला (हे नंबर रिलेच्या पिनांजवळ छापलेले असतात). डिपरच्या रिलेच्या 87 मधून दोन वायरी, प्रत्येक आपापल्या फ्यूजमधून डाव्या-उजव्या दिव्याच्या डिपर पिनेला. अप्परच्या रिलेचेही तसेच. दिव्याची तिसरी पिन सरळ अर्थला.

कॉइलसाठी दोनपैकी जवळच्या दिव्याचा जुना होल्डर वापरा. सोपे सूत्र असे की जिथे फिलामेंट होते तिथे कॉइल येते. जुन्या होल्डरची डिपर पिन डिपर रिलेच्या 86 ला, अप्परची अप्पर रिलेच्या 86 ला, दोघांचे 85 त्याच होल्डरच्या तिसऱ्या, सामायिक पिनेला. दुसऱ्या बाजूचा जुना होल्डर टेप गुंडाळून बांधून ठेवा, कापू नका. उद्या प्रवासात रिले बिघडला तर तोच परत दिव्याला लावून घरी येता येते.

कोणती पिन कशाची, ते वायरीच्या रंगावरून ठरवू नका. जुन्या गाडीत मधे कितीजणांनी हात घातलेला असतो. दिवे लावून, होल्डर काढून, मीटरचे काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरा आणि तिन्ही पिना पाहा. पिना शोधण्यापुरते असे काढून पाहिलेले चालते. डिपरला एका पिनेवर व्होल्टेज, अप्परला दुसरीवर, तिसरीवर कधीच नाही, हा सरळ प्रकार. एका पिनेवर दोन्ही वेळा 12 व्होल्ट आले तर तुमची गाडी निगेटिव्ह बाजूने स्विच होते. जपानी घराण्यातल्या गाड्यांत हे आढळते. तेव्हा तीच पिन सामायिक समजा, ती दोन्ही 86 ला जोडा, आणि डिपर-अप्परच्या पिना आपापल्या रिलेच्या 85 ला.

रिले बसवताना पिना खाली तोंड करून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात सॉकेटमध्ये पाणी साठते. टर्मिनल चांगल्या पक्कडने क्रिंप करा. नुसता डाख दिलेली वायर डाख संपतो तिथे ताठ होते आणि हादऱ्याने तुटते. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी बुश विसरू नका.

शेवटी पुन्हा मोजा, दिवे चालू ठेवून. बॅटरीचे पॉझिटिव्ह ते बल्बची डिपर पिन यातला फरक 0.3 ते 0.4 व्होल्टच्या आत, आणि बॅटरीचे निगेटिव्ह ते बल्बची अर्थ पिन 0.1 च्या आत यायला हवा. एक खर्च मात्र सांगून ठेवतो. व्होल्टेज वाढले की बल्बचे आयुष्य घटते, 5 टक्के वाढीला जवळपास निम्मे होते. एक जादा बल्ब डॅशबोर्डमध्ये ठेवा.

प्रश्न : फायबरच्या पुढच्या तोंडाची कॅम्पर आहे, मूळ वायरिंग तसेच आहे. डिपर लावला की डावा दिवा चांगला, उजवा मंद. त्याच वेळी डॅशबोर्डवरची अप्परची निळी खूणही बारीक पेटते. स्विच बदलला, उपयोग झाला नाही. (चिपळूण)

उत्तर : स्विच निर्दोष होता. उजव्या दिव्याचा अर्थ तुटला आहे. परतीची वाट बंद झाल्यामुळे करंट डिपरच्या फिलामेंटमधून अप्परच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, तिथून अप्परच्या वायरीने डाव्या दिव्यात आणि निळ्या खुणेत जाऊन अर्थ गाठतो. म्हणून दिवा मंद आणि खूण पेटलेली.

फायबर वीज वाहत नाही, त्यामुळे दिव्याच्या चौकटीला मारलेला अर्थचा स्क्रू केवळ शोभेचा असतो. प्रत्येक दिव्यापासून 2.5 ची काळी वायर थेट चासीपर्यंत न्या. चासीवर जागा खरवडून चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून लग (वायरीच्या टोकाची कडी) आवळा, वरून पेट्रोलियम जेली फासा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चासीला येणारी पट्टीही पाहा. समुद्राकाठच्या हवेत ती वरून धड दिसते आणि लगच्या आत भुकटी झालेली असते. पुढे रिले टाकलेत तर निळी खूण जुन्याच वायरीवर राहील. मग अर्थ तुटला तरी ती अशी चुगली करणार नाही, मीटरच लावावा लागेल.

प्रश्न : एवढे सगळे करण्यापेक्षा एच-4 च्या जागी एलईडी बल्ब घातला तर? करंटही कमी लागतो. (नाशिक)

उत्तर : करंट कमी लागतो हे खरे. पण हॅलोजनचा आरसा एका बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एच-4 मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते, ती खाली जाणारा प्रकाश अडवते आणि त्यातून वरची कापलेली रेघ तयार होते. एलईडीच्या चिपा नेमक्या त्या जागी बसत नाहीत, प्रकाश विस्कटतो. गाडीसमोरची जमीन झगझगीत दिसते म्हणून मालक खूश, दूरचे कमीच दिसते, आणि समोरच्याचे डोळे दिपतात. ही मूळ रचनेतली फेरफार आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये ती अडकू शकते. एलईडी हवाच असेल तर त्यासाठीच बनवलेला, मान्यतेची खूण असलेला पूर्ण दिवा घ्या.

प्रश्न : मागे 100 एएचची लिथियम बॅटरी आणि छतावर सोलर आहे. हेडलाइट त्यावर चालवले तर इंजिनची बॅटरी वाचेल ना? (पुणे)

उत्तर : नको. लिथियम बॅटरीतले संरक्षक सर्किट काहीही वावगे दिसले की पूर्वसूचना न देता पुरवठा तोडते. फ्रिजसाठी ते ठीक, धावत्या गाडीच्या हेडलाइटसाठी नाही. इंजिन चालू असताना अल्टरनेटर दिवे सांभाळतोच. हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर ही सगळी मंडळी इंजिनच्या बॅटरीवरच राहू द्या.

प्रश्न : इंग्लंडमध्ये राहतो. 1990 च्या सुमाराची टॅल्बट एक्स्प्रेसवरची मोटरहोम घेतली आहे. रिले टाकून झाले. आता फ्रान्सला जायचे आहे, दिव्यांचे आणखी काही करावे लागेल का? (लेस्टर)

उत्तर : हो. डाव्या बाजूने चालणाऱ्या देशांत, म्हणजे तुमच्याकडे आणि भारतातही, डिपरची रेघ डावीकडे वर चढते, म्हणजे फुटपाथची बाजू उजळते. फ्रान्समध्ये तीच चढण समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. काचेवर लावायचे बीम-डिफ्लेक्टरचे स्टिकर मिळतात, त्यावरच्या नकाशाप्रमाणे लावा आणि परतल्यावर काढा. हाच नियम उलटाही लागू होतो, म्हणून भारतात उजव्या रहदारीचा आयात जुना दिवा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

आणि फोकस रिकाम्या गाडीवर सेट करू नका. टाकी मागच्या चाकांच्याही मागे असेल तर 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो वजन मागे बसते आणि नाक वर उचलते. प्रवासाला निघताना असेल तसे सामान, पाणी भरून, टायरची हवा बरोबर करून, चालकाच्या जागी माणूस बसवून, सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खुणवा. डिपरची आडवी रेघ त्या खुणेच्या 10 ते 12 सेंटिमीटर खाली आली पाहिजे.