पूर्वजांचा शोध: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: डीएनए चाचणीत एका अनोळखी व्यक्तीशी माझे ८५० सेंटिमॉर्गन जुळले. अहवाल म्हणतो, 'सख्खं चुलत भावंड'. आमच्या वंशावळीत असं कुणीच नाही. चूक कुणाची?

बहुधा कुणाचीच नाही. प्रयोगशाळा मोजते ती जुळणी, म्हणजे दोघांत सारखा निघालेला डीएनए. सेंटिमॉर्गन हे तिचं एकक. नातं हा तिचा अंदाज असतो. सख्ख्या चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडांत सरासरी ८५०च्या आसपास जुळणी निघते, पण ती साधारण ४०० ते १४०० इतकी खालीवर होते. शिवाय आजोबांचा सख्खा भाऊ, पणजोबा, किंवा आई-वडिलांचं एकाच पालकाकडून असलेलं भावंड यांच्याशीही जवळपास तेवढीच जुळणी येते. म्हणून आधी वय पाहा. समोरची व्यक्ती तुमच्याहून चाळीस वर्षांनी मोठी असेल, तर भावंडाची शक्यता मागे पडते.

मग बाजू ठरवा. आईची किंवा मावशीची चाचणी झालेली असेल आणि ही व्यक्ती त्यांच्याशीही जुळत असेल, तर धागा आईकडचा. दोघांच्याही यादीत येणाऱ्या इतर नातेवाइकांवरून तो कोणत्या आजी-आजोबांकडे जातो तेही कळतं. नात्यातल्या नात्यात लग्नं होत आलेली असतील, तर मात्र एकूण बेरीज फुगते. विशेषतः कमी आकड्यांची नाती खरी असतात त्याहून जवळची भासतात. तिथे जुळलेल्या डीएनएचा सगळ्यात लांब सलग तुकडा किती आहे ते पाहावं.

नाव शेवटी कागदच देतो. त्या व्यक्तीच्या पालकांचा जन्म कुठला, त्या सुमारास तुमच्या घरातलं कोण तिथे राहत होतं, हे नोंदींतून काढा. पहिल्याच निरोपात निष्कर्ष कळवू नका. समोरच्याला यातलं काहीच ठाऊक नसेल.

प्रश्न: घरात चाचणी कुणाची करावी आणि कोणती?

सर्वात वडीलधाऱ्यांची, आणि लवकर. प्रत्येक पिढीत निम्मा डीएनए गळतो. सख्ख्या भावंडांची पणतवंडं एकमेकांशी मुळीच न जुळण्याची शक्यता दहात एक असते. सुरुवात ऑटोसोमल, म्हणजे लिंग ठरवणारी सोडून बाकीच्या गुणसूत्रांच्या चाचणीने करावी, तीत सगळ्या शाखा येतात. वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जातं, त्यामुळे त्याच्या चाचणीसाठी स्त्रियांनी भावाचा किंवा सख्ख्या काकांचा नमुना द्यावा. मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे पेशीकेंद्राबाहेरचा डीएनए आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढे मुलीच देतात. तो इतका हळू बदलतो, की तंतोतंत जुळणीतही समान पूर्वज हजारो वर्षांपूर्वीची असू शकते. विशिष्ट शंका असल्याशिवाय त्यावर पैसे घालवू नयेत.

लाळेचा नमुना देण्यापूर्वी अर्धा तास खाणं, पिणं, धूम्रपान, च्युइंगम बंद. ट्यूबमधल्या खुणेपर्यंत लाळच हवी. फेस धरून मोजल्यास नमुना कमी पडतो.

प्रश्न: पणजोबांचं जन्मवर्ष तीन कागदांत तीन निराळं आहे. खरं कोणतं धरावं?

माहिती कुणी दिली आणि घटनेनंतर किती काळाने, हे विचारा. मृत्यूच्या दाखल्यातली मृत्यूची तारीख भरवशाची, पण त्यातलंच जन्मवर्ष मुलाने किंवा जावयाने आठवून सांगितलेलं. जनगणनेत वयं सर्रास ० किंवा ५ वर नेऊन ठेवलेली सापडतात, म्हणून ४० लिहिलं असेल तर ३७ ते ४३ धरून शोधा. ऑनलाइन सूचीवर थांबू नका. ती कुणीतरी वाचून टंकलेली असते आणि ३चा ८ सहज होतो. मूळ पानाची प्रत उघडा, मागची-पुढची दोन पानंही वाचा. शेजारी आणि साक्षीदार म्हणून पुष्कळदा नातेवाईकच निघतात. त्याच गावात त्याच नावाचा दुसरा माणूस असू शकतो, तेव्हा पत्नीचं नाव आणि व्यवसाय जुळल्याशिवाय नोंद वंशावळीत चढवू नये.

प्रश्न: माझ्या आणि सख्ख्या भावाच्या अहवालांत मूळ प्रदेशांची टक्केवारी वेगळी कशी?

आई-वडिलांचा निम्मा-निम्मा डीएनए दोघांनाही मिळाला, पण तोच निम्मा नव्हे. त्यातून ही टक्केवारी आजच्या लोकांच्या नमुन्यांशी तुलना करून काढतात. कंपनीने नमुने वाढवले की आकडे बदलतात. पाच टक्क्यांखालच्या प्रदेशावर कुळाचा इतिहास रचू नका. भावांचं नातं तपासायचं असेल तर सेंटिमॉर्गन पाहा, सख्ख्या भावंडांत ते २६००च्या आसपास असतात.