ब्रिज या पत्त्यांच्या खेळात हातात किलवर नसताना 'दोन किलवर' बोलणं ही फसवणूक नाही का?

नाही. गुप्त संकेत मात्र फसवणूकच. बोलीचा ठरलेला अर्थ प्रतिस्पर्ध्यांना विचारता येतो आणि तो बोलणाऱ्याच्या भिडूने नीट सांगायचा असतो.

तुम्ही म्हणताय ती 'स्टेमन' नावाची, भिडूला प्रश्न विचारणारी ठरलेली बोली. ब्रिजपटू सॅम्युअल स्टेमन यांनी १९४५ मध्ये तिच्यावर लेख लिहिला म्हणून त्यांचं नाव लागलं. मूळ कल्पना त्यांचे भिडू जॉर्ज रापे यांची, हे आवर्जून सांगायला हवं. भिडूने एक नो ट्रंपने (म्हणजे हुकुमाशिवाय खेळायची बोली; त्याच्याकडे मोठ्या पानांचे १५ ते १७ गुण) सुरुवात केली की दोन किलवर म्हणजे प्रश्न: बदाम किंवा इस्पिकची चार पानं आहेत का? नसतील तर तो दोन चौकट बोलतो, असतील तर तो रंग. दोघांकडे चार-चार इस्पिक निघाले की हुकूम ठरतो आणि नो ट्रंपपेक्षा बहुधा एक हात जास्त मिळतो.

साधारण आठ गुणांखाली हे विचारू नका, उत्तरानंतर अडकाल. अपवाद मला फार आवडतो: इस्पिक चार, बदाम चार, चौकट पाच, किलवर शून्य. गुण नसले तरी बेधडक विचारा आणि येईल त्या उत्तरावर पास.

नव्या भिडूशी मात्र आधी ठरवून घ्या. त्याने दोन किलवरवरच पास म्हटलं तर डाव गेला.